एकतीस मार्चची रात्र

नोकरीच्या सदतीस वर्षांत एकतीस मार्चला ‘आज लवकर येतो गं’ असं मी घरी कधी म्हटलं नाही. आमच्या तालुक्याच्या शाखेकडे सरकारी खात्यांचं काम होतं. कोषागारात पास झालेली बिलं आमच्या खिडकीवर यायची आणि त्या रात्री ती खिडकी बाराच्या ठोक्यापर्यंत उघडी असायची. घरची मंडळी आमचं ताट झाकून झोपून जात.

१९९२ च्या त्या रात्री पावणेबाराला एका कार्यालयाचे हेडक्लार्क धापा टाकत आले. ‘साहेब, एवढी घ्या. नाहीतर ग्रँट लॅप्स होते.’ गठ्ठ्यात एक बिल पोलादी कपाटांचं होतं. सह्या, शिक्के सगळं जागच्या जागी. परत करायला कारण नव्हतं. मी पैसे दिले.

जूनमध्ये काही कामानं त्या कार्यालयात गेलो, तर व्हरांड्यात बारा कपाटं ओळीनं उभी, अंगावरचा पुठ्ठाही न काढलेली. आत छप्पर गळत होतं आणि फायलींवर प्लॅस्टिक अंथरलं होतं. छपराच्या दुरुस्तीचे पैसे मागितले होते, ते मंजूर झाले नव्हते. कपाटांचे झाले होते. देशाचं सोनं परदेशी गहाण पडून तेव्हा वर्षसुद्धा झालं नव्हतं. जुलै १९९१ मध्ये रिझर्व्ह बँकेनं सुमारे ४७ टन सोनं बाहेर पाठवलं, तेव्हा आम्ही बँकवाले मान खाली घालून एकमेकांशी बोलत होतो. त्या सोन्याचा आणि या कपाटांचा संबंध आहे, हे मला त्या व्हरांड्यात पहिल्यांदा कळलं.

सरकारी उधळपट्टी म्हटलं की आपल्याला मंत्र्यांच्या गाड्यांचे ताफे आणि बंगल्यांची रंगरंगोटी आठवते. ती असतेच. पण खरी गळती या तारखेत आहे. वर्षभर ‘निधी येतोय’ म्हणून थांबायचं. तो फेब्रुवारी-मार्चमध्ये उतरतो, मग आठ-पंधरा दिवसांत तो संपवायचा. उरला तर परत जातो, शिवाय पुढच्या वर्षी ‘तुम्हाला एवढा लागत नाही’ म्हणून कात्री लागते. घरात एखादीनं किराण्यातले दोनशे रुपये वाचवले तर ती डब्यात टाकून ठेवते. सरकारात वाचवणाऱ्याला शिक्षा आहे. वर्षअखेरची खर्चाची घाई म्हणजे आर्थिक औचित्याचा भंग, असं केंद्राच्या वित्तीय नियमावलीतच लिहिलेलं आहे. शेवटच्या तिमाहीत ३३ टक्के आणि मार्चमध्ये १५ टक्के, अशा मर्यादाही केंद्रानं आपल्या खात्यांना घालून पाहिल्या. तरी मार्च उजाडला की आमच्या गल्लीतला फूटपाथ उखडला जातोच. (कादंबरीचं शेवटचं प्रकरण घाईत उरकलं की वाचक लेखकाला बरोबर पकडतो. करदात्याला ती सोय नाही.)

मग शिस्तीचे कायदे आले. २००३ मध्ये केंद्राचा वित्तीय उत्तरदायित्वाचा कायदा झाला, २००५ मध्ये महाराष्ट्राचा. तूट उत्पन्नाच्या, म्हणजे देशाच्या किंवा राज्याच्या एकूण उत्पन्नाच्या, ३ टक्क्यांच्या आसपास आणायची, असा त्यांचा रोख. मी या कायद्यांच्या बाजूचा आहे. आज काढलेलं कर्ज नातवंडांनी फेडायचं, तर त्याला हद्द हवीच. २००८ ची मंदी आणि २०२० ची महामारी यांत केंद्राला ती हद्द ओलांडावी लागली, त्याबद्दलही माझी तक्रार नाही. घरात आजारपण आलं तर आपणही एफडी मोडतो.

माझी तक्रार वेगळी आहे. तूट मोजायची तारीखही एकतीस मार्चच! मग एकीकडे खर्च घाईनं उरकायचा, दुसरीकडे मोठी देणी हळूच एक एप्रिलपलीकडे ढकलायची किंवा दुसऱ्याच्या वहीत लिहायची. अन्न महामंडळाचं उदाहरण घ्या. धान्याच्या अनुदानाचे पैसे केंद्रानं त्याला पूर्ण द्यायचे, त्याऐवजी काही वर्षं त्याला अल्पबचत निधीतून कर्ज दिलं गेलं. म्हणजे तुमच्या-आमच्या पोस्टातल्या ठेवींतून. तेवढी तूट कागदावर दिसेनाशी झाली. फेब्रुवारी २०२१ च्या अर्थसंकल्पात ही पद्धत बंद करून तो भार उघडपणे वहीत घेतला, हे चांगलं झालं. पण बँकेत आम्ही अशा नोंदीला जे म्हणायचो, ते रविवारच्या पुरवणीत छापता येणार नाही.

आणि खरोखर हात आखडायची वेळ आली, की कात्री कुठं लागते? छपराला, रिकाम्या जागांच्या भरतीला, शाळेच्या दुरुस्तीला. ती ओरडत नाहीत ना!

उपाय फार अवघड आहेत असं मला वाटत नाही. निधी जूनच्या आत खाली पोचवा. उरलेला पैसा खात्याला पुढच्या वर्षी वापरू द्या, निदान त्यातला काही भाग. आणि मार्चच्या शेवटच्या आठवड्यातल्या प्रत्येक मोठ्या बिलाचा माल जूनमध्ये कुणीतरी जाऊन डोळ्यांनी पाहा. उपयोगिता प्रमाणपत्र टेबलावर बसून लिहिता येतं. ती वर्षानुवर्षं थकल्याचं ‘कॅग’चे अहवाल पुन्हापुन्हा सांगत आले आहेत.

त्या दिवशी व्हरांड्यात मी हेडक्लार्कना जरा लागेल असंच बोललो. ते रागावले नाहीत. आत गेले, प्लॅस्टिक बाजूला करून एक फाइल काढली आणि त्यातलं एक पत्र माझ्यापुढे धरलं. आदल्या वर्षी त्यांनी वाचलेले तीस हजार रुपये परत पाठवले होते. त्याला वरून उत्तर आलं होतं : निधी अखर्चित का राहिला, याचा खुलासा आठ दिवसांत सादर करावा.