रान विकण्यापूर्वी

संगमेश्वर तालुक्यांतील शृंगारपुराहून प्रचितगडावर जाणारी पायवाट जुन्या, दाट रानांतून चढते. गडासाठीं थोडके लोक तेथें जातात. आमच्या वाचकांनीं रानासाठीं जावें, असें आम्हांस वाटतें. चैत्रांत खालचे कातळ तापलेले असतां तेथील पाचोळ्याखालची माती हातीं घेऊन पाहावी, म्हणजे पावसाचें पाणी कोठें मुरतें तें कळेल. याच डोंगरांत उगम पावणारी शास्त्री नदी जयगडाजवळ समुद्रास मिळते. तिच्या कांठच्या शेतांचा आधार हें रानच होय.

माथ्यावरील अरण्य सन २००४ पासून चांदोली राष्ट्रीय उद्यानांत व २०१० पासून सह्याद्रि व्याघ्रप्रकल्पांत मोडतें. तेथें वनखात्याची परवानगी व माहितगार वाटाड्या घेऊनच जावें. पायथ्याचीं रानें मात्र बहुतांशीं खाजगी, म्हणजे आपलींच. तीं ठेकेदारास उभीं विकलीं तर पैसा एकदांच हातीं येतो. उघड्या उतारावरील माती मात्र दर पावसाळ्यांत वाहून जाते आणि उन्हाळ्यांत झरा लवकर आटतो. विक्रीच्या कागदावर सही करण्यापूर्वी प्रत्येक मालकानें ही वाट एकदां चालावी, एवढेंच आमचें आग्रहाचें सांगणें आहे.