फणा त्यांचा, पोट आपलं

२०२५ ची नागपंचमी २९ जुलैला होती. आमच्या बत्तीस शिराळ्यात पूर्वी ह्या दिवशी जिवंत नाग मिरवायचे. पुढ्यात मडकं हलवलं की नाग फणा काढायचा, बघे मागं सरकायचे. पंचमी झाली आणि दुसऱ्याच दिवशी अमेरिकेच्या ट्रंपनं फणा काढला. भारताच्या मालावर २५ टक्के जकात! ७ ऑगस्टला ती लागू झाली. रशियाचं तेल घेता म्हणून २७ ऑगस्टपासून आणखी २५.

पेपरातले पंडित विचारायला लागले, टॅरिफ हे वाटाघाटीचं हत्यार म्हणून चालतं का? मी मॅट्रिक. गोदीत ठेकेदाराच्या टोळीत कंटेनर बांधतो. मी सांगतो, चालतं. पण कुणाच्या अंगावर चालतं ते आधी विचारा.

जकात भरतो तिकडचा आयातदार. तो म्हणतो भाव पाड, नाहीतर ऑर्डर ठेव तुझ्यापाशी. इकडचा मालक म्हणतो, काम कमी आहे, उद्या येऊ नका. सप्टेंबरात आमचा मुकादमही हेच बोलला. आठवड्याला दोन पाळ्या. आईला गावी फोन केला, औंदा पैसं उशिरा येतील. ती म्हणाली, "का रं, बोट बुडाली व्हय?" तिला ट्रंप कसा सांगायचा?

हे नवीन नाही दोस्तहो. शंभरेक वर्षांपूर्वीची मुंबई बघा. लँकेशायरच्या गिरण्यांना सांभाळायला इंग्रजानं १८९६ पासून इथल्या गिरणीच्या कापडावर साडेतीन टक्के अबकारी बसवली होती. मालकांना ती उठवून हवी होती. १९२५ साली त्यांनी काय केलं? मजुरी साडेअकरा टक्के कापली. म्हणाले, सरकार अबकारी काढील तेव्हा कपात मागे घेऊ. दीड लाखाच्या आसपास कामगार संपावर गेले, सप्टेंबर ते डिसेंबर चुली विझल्या. डिसेंबरात सरकारनं अबकारी थांबवली, मालकांनी कपात मागे घेतली. डाव यशस्वी! वाटाघाट मालक आणि सरकारची, उपास कामगारांचा. त्यातही आपला माणूस सगळ्यात खाली. धोट्यातला धागा तोंडानं ओढावा लागतो, विटाळ होईल, म्हणून विणकाम खात्यात त्याला घेतच नव्हते. जास्त पगाराचं खातं बंद, उपासाचं खातं मात्र उघडं.

आता ताजं बघा. २०१८ ला अमेरिकेनं आपल्या पोलादावर २५ आणि ॲल्युमिनियमवर १० टक्के बसवले. २०१९ ला भारतानं त्यांच्या सफरचंद, अक्रोड, बदामावर जादा जकात लावली. २०२३ ला तडजोड होऊन आपण ती काढली. मधल्या चार वर्षांत ज्यांचं काम गेलं ते तडजोडीच्या कागदावर कुठं आहेत?

२०२५ ला कापडवाले अडचणीत आले, तर सरकारनं १९ ऑगस्टला परदेशी कापसावरची ११ टक्के जकातच उठवली. आधी सप्टेंबरअखेर, मग डिसेंबरअखेरपर्यंत. म्हणजे विदर्भातला कापूस बाजारात यायचा नेमका तोच हंगाम. फणा वॉशिंग्टनला आणि डंख यवतमाळला. फेब्रुवारी २०२६ मध्ये दोन्ही सरकारांनी १८ टक्क्यांवर सौदा जाहीर केला. त्याच महिन्यात अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानं सांगितलं, ज्या कायद्याखाली ही जकात लावली त्यात तसा अधिकारच नाही. बरं. मग माझ्या बुडालेल्या पाळ्या कुठलं कोर्ट परत देणार?

बाबासाहेबांनी हे १९२३ लाच रुपयावरच्या ग्रंथात मांडलं होतं. रुपया पडला की निर्यातवाला खूष होतो. पण मजुरी भावाबरोबर चढत नाही. म्हणजे त्याचा नफा परदेशातून येत नाही, इथल्याच मजुराच्या खिशातून जातो. जकातीचा हिशेबही ह्याच वहीत मांडा.

काहीजण म्हणतील, मग काय अमेरिकेपुढं वाकायचं? अजिबात नाही. पण वाटाघाटीत जो जास्त दिवस तग धरतो तो जिंकतो, आणि तग धरायचा तर बिनकामाच्या दिवशीही चूल पेटली पाहिजे. १९४८ च्या गोदी कामगार कायद्याखाली योजना झाल्या, त्यात नोंदलेला कामगार हजर राहिला आणि बोट नसली तरी त्याला हजेरीभत्ता मिळायचा. भीक नव्हती ती, हक्क होता. आज ठेक्यावरच्या पोराला काय मिळतं? "उद्या ये."

तेव्हा आपली मागणी सरळ आहे. सरकारनं खुशाल फण्याला फणा दाखवावा. पण जकातीच्या भांडणात ज्याची पाळी बुडेल, त्या गोदीवाल्याला, शिवणकारखान्यातल्या बाईला, कोळंबी सोलणारीला हजेरीभत्ता द्या. मालकाला सवलत द्यायला तिजोरी उघडते, तीच तिजोरी आम्हालाही उघडा. नाहीतर देशाच्या नावानं आमच्या पोटावर वाटाघाटी करू नका. गोदीच्या गेटावर हेच सांगा, वस्तीतही हेच सांगा.