चिखलातली गाडी आणि ताणलेला दोर

पावसाळा लागला, की आपल्या जिल्ह्यातील प्रवासाचे दोन भाग पडतात. एक डांबर असेपर्यंतचा आणि दुसरा डांबर संपल्यानंतरचा. डिसेंबर २०२२ मध्ये समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा खुला झाला आणि पहिला भाग फारच सुखाचा झाला. दुसरा मात्र आजोबांच्या बैलगाडीच्या काळी जसा होता, बहुतेक ठिकाणी तसाच आहे. मोसंबीची बाग पाहून सौदा करावयाचा, तर अंबड, घनसावंगी, बदनापूरकडच्या मळ्यांपर्यंत पाणंदीनेच जावे लागते. बियाण्यांचे प्लॉट पाहणारे, जिनिंगवाले, आडतीचे येणे वसूल करणारे, यांचीही वाट तीच. त्यातच चातुर्मास येतो. साधू-साध्वी एका जागी स्थिर होतात आणि आपली कुटुंबे दर्शनासाठी गाड्या भरून निघतात. पावसात हिंडावयाचे नाही असा नियम ज्यांनी घेतला आहे, त्यांच्या भेटीसाठी आपण नेमके पावसातच हिंडतो, ही गंमत कोणाच्या लक्षात येत नाही.

गाड्या रुततात, त्यात नवल काही नाही, आणि रुतलेली गाडी आज ना उद्या निघतेच. या वेळी लिहावयाचे आहे ते गाडी काढताना होणाऱ्या इजेविषयी. चिखल स्वतः सहसा कोणाला मारत नाही. मारतो तो ताणलेला दोर, सुटलेली कडी आणि उलटलेला ट्रॅक्टर. आणि बळी जातो तो बहुधा गाडीच्या मालकाचा नसून मदतीला धावून आलेल्या सालगड्याचा, ट्रॅक्टर चालवणाऱ्या पोराचा किंवा मौज पाहत उभ्या राहिलेल्या मुलाचा. गाडी आपली आणि जोखीम दुसऱ्याची, असा हा व्यवहार आहे. तो नीट समजून घेतला पाहिजे.

प्रथम मातीविषयी. दख्खनच्या बेसाल्ट खडकाची झीज होऊन तयार झालेली आपली काळी माती कापसाला आणि सोयाबीनला जेवढी मायाळू, तेवढीच चाकाला दुष्ट. तिच्यातील चिकणमातीचे कण पाणी पिऊन फुगतात. उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या पडलेल्या भेगा चार पावसांत मिटतात, पाणी खाली मुरेनासे होते आणि वरचा चार-सहा बोटांचा थर साबणासारखा निसरडा होतो. हा थर टायरच्या नक्षीत गच्च बसला, की नवाकोरा टायरसुद्धा गुळगुळीत झालेल्या जुन्या टायरसारखा वागू लागतो. शेतकरी वाफसा आल्याशिवाय रानात औत घालत नाही. पाणंदीच्या तोंडाशी गाडी थांबवून शेजारच्या शेतकऱ्याला 'वाफसा आला का?' एवढे विचारले, तरी निम्मे प्रसंग टळतील. मोठी, उंच गाडी घेतली म्हणजे चिखल मान देतो, हाही एक लाडका गैरसमज आहे. दिसायला धिप्पाड असलेल्या आजच्या बहुतेक गाड्यांची दोनच चाके ओढतात.

चाकोरीचीही गोष्ट तशीच. बैलगाडीला चाकोरी ही सोय होती. मोटारीला ती सापळा आहे. ट्रॅक्टरच्या मोठ्या चाकांनी पाडलेल्या खोल चाऱ्यांत आपली चाके उतरली, की मधला उंचवटा गाडीच्या पोटाला लागतो, चाके अधांतरी फिरतात आणि गाडी कासवासारखी पालथी पडल्यागत होते. चारी खोल दिसली तर गाडी रस्त्यावरच ठेवून पायी जावे. बाग कोठे पळून जात नाही.

वाट ओळखण्याचा एक जुना दाखला आपल्याच जिल्ह्यातला आहे. २३ सप्टेंबर १८०३ रोजी असईच्या लढाईपूर्वी इंग्रज सेनापती वेलस्लीला केळणा नदी ओलांडावयाची होती. वाटाड्यांनी सांगितले, की जवळपास उतार नाही. त्याला मात्र नदीच्या दोन काठांवर समोरासमोर वसलेली दोन गावे दिसली. इतक्या जवळची गावे येण्याजाण्याच्या वाटेवाचून राहणार नाहीत, असा तर्क त्याने केला, शोध घेतला आणि उतार सापडला. सैन्य आणि तोफा पार झाल्या. लढाईचे सोडा, पण माणसांची रोजची पावले कोठून जातात ते पाहावे, ही दृष्टी चालकालाही हवी. पायवाट आणि गुरांची वाट बहुधा कठीण जमिनीवरून, मुरमाच्या पट्ट्यावरून जाते.

आता गाडी रुतलीच असे समजू. पहिल्या मिनिटाला आपण जे करतो, त्यावर पुढचा तास ठरतो. चाक जागच्या जागी फिरू लागले, की पाय ताबडतोब काढावा. जोराने फिरणारे चाक पुढे जात नाही, ते फक्त खड्डा खणते. सगळ्यांनी खाली उतरावे, डिकीतला मालही उतरवावा. पाच माणसांचे तीनशे किलो कमी झाले, ही फुकटात मिळालेली ओढ आहे. गाडी सुरू ठेवून आत बसू नये, विशेषतः सायलेन्सरचे तोंड चिखलात बुडाले असेल तर. त्या धुरातील विषारी वायू बंद गाडीत शिरतो आणि त्याला वास नसतो.

मग फावडे घेऊन ओढणाऱ्या चाकांपुढची आणि पोटाखालची माती काढावी. ज्या वाटेने गाडी आत आली, ती वाट सहसा सर्वांत चांगली, म्हणून मागे काढण्याचा विचार आधी करावा. चाकांखाली तुराट्या, पऱ्हाट्या, ऊसपट्ट्यात पाचट, किंवा आपल्या घरचे हुकमी साधन म्हणजे बारदाना घालावा. दोन रिकाम्या गोण्या डिकीत असणे व्यापाऱ्याला अवघड नाही. मात्र चाकाने घेतलेली गोणी किंवा फळी बाणासारखी सुटते. म्हणून चाकाच्या रेषेत, पुढे किंवा मागे, कोणीही उभे राहू नये. ढकलणाऱ्यांनी बाजूच्या खांबांना हात लावून ढकलावे. टायरची हवा ३२-३३ असते, ती वीसपर्यंत उतरवली, तर टायर पसरतो आणि पकड वाढते. पंधराच्या खाली मात्र नेऊ नये, टायर रिमवरून निसटतो. एवढे करून दुसऱ्या गियरमध्ये हलक्या पायाने प्रयत्न केला, तर बऱ्याच गाड्या ट्रॅक्टरविना निघतात. न निघाल्यास तिसऱ्यांदा हट्ट करू नये.

ट्रॅक्टर आला, की सर्वांना घाई सुटते. येथेच थांबून हिशेब मांडावयाचा. अमेरिकी सैन्यात फसलेली वाहने काढण्यासाठी एक ठोकताळा वापरतात: चिखल चाकांपर्यंत असेल, तर गाडीच्या वजनाइतकी ओढ लागते; वरच्या मडगार्डपर्यंत असेल, तर दुप्पट. म्हणजे दीड टनाच्या गाडीला दीड ते तीन टन ओढ. आता गोठ्यात, विहिरीवर, उन्हापावसात चार वर्षे काढलेल्या नाड्याकडे पाहा आणि तो तीन टन पेलेल का, याचे उत्तर स्वतःला द्या. ट्रकच्या सामानाच्या दुकानात विणलेला रुंद पट्टा मिळतो. त्यावर किती टन ते छापलेले असते. गाडीच्या वजनाच्या निदान तिप्पट आकडा असलेला घ्यावा. एवढ्या खर्चात आपल्याकडे भाव करण्याची सवय आहे. येथे ती बाजूला ठेवावी.

नायलॉनचा दोर ताणला, की रबरासारखा लांबतो आणि ओढीची सगळी शक्ती स्वतःत साठवतो. तो तुटला किंवा त्याची कडी निखळली, तर ती सगळी शक्ती एका क्षणात बाहेर पडते आणि टोकाला असलेला लोखंडाचा तुकडा गोळीसारखा येतो. साखळदंड लांबत नाही, म्हणून तो सुरक्षित वाटतो. पण झटका बसला, की त्याचा दुवा फुटून उडतो. तारेचा दोर चाबकासारखा उलटतो. ऑस्ट्रेलियात ट्रेलर जोडण्याचा गोळा ओढीत उपटून काच फोडून आत आला आणि माणसे दगावली; तेथे अशा ओढपट्ट्यांवर धोक्याचा इशारा छापणे आता कायद्याने बंधनकारक आहे. आपल्याकडे असा इशारा कोणी वाचून दाखवणार नाही, म्हणून तो येथे लिहिला आहे.

दोर बांधावयाचा कोठे? बंपरला नाही, खालच्या टाय रॉडला नाही, कॅरियरला नाही. स्टेपनी आणि जॅकजवळ एक जाड कडी ठेवलेली असते. बंपरवरचे लहान झाकण काढून ती आत फिरवतात. काहींचे आंटे उलटे असतात. ती शेवटपर्यंत बसवून पान्याने आवळावी. अर्धवट बसवलेली कडी वाकते किंवा सुटते. ही कडी मुळात बंद पडलेली गाडी रस्त्यावरून नेण्यासाठी दिलेली असते, खोल चिखलातून उपटण्यासाठी नव्हे. म्हणून आधी खोदणे, वजन कमी करणे आणि मग सरळ रेषेत, अगदी सावकाश ओढणे. तिरकी ओढ तिला सोसत नाही. विजेवर चालणारी किंवा आपोआप गियर बदलणारी गाडी असेल, तर गाडीसोबतच्या पुस्तिकेत पाहिल्याशिवाय दोर लावूच नये.

ट्रॅक्टरच्या बाजूलाही अशीच एक गोष्ट आहे आणि ती गावातल्या चांगल्या चालकांनासुद्धा कधी कधी माहीत नसते. ट्रॉली ज्या हुकाला जोडतात, त्या खालच्या हुकालाच दोर बांधावा. मागच्या चाकांच्या आसापेक्षा वर, टॉप लिंकजवळ किंवा बैठकीच्या मागे बांधला, तर ओढ लागताच पुढची चाके उचलतात आणि ट्रॅक्टर मागे उलटून चालकाच्या अंगावर येतो. याला दोन सेकंदही लागत नाहीत. उडी मारायला वेळ मिळत नाही. 'आम्ही नेहमी असेच बांधतो' हे उत्तर मिळाले, तरी नम्रपणे आग्रह धरावा. गाडी आपली आहे, तेव्हा नको म्हणण्याचा हक्कही आपला आहे.

ओढण्यापूर्वी इशारा कोण करणार, हे ठरवून घ्यावे. एकच माणूस, दोन्ही चालकांना दिसेल असा, आणि फक्त हाताने. सगळ्यांनी एकदम 'हाणा, हाणा' म्हणण्याची आपली रीत येथे घातक आहे. दोराच्या मध्यावर ओली गोणी किंवा चादर घालावी, म्हणजे दोर तुटलाच तर त्याची उसळी मंदावते. बाकीच्यांना दोराच्या लांबीच्या दीडपट दूर, आणि बाजूला, उभे करावे. दोन गाड्यांच्या मध्ये कोणी नाही आणि दोर ओलांडून कोणी जात नाही, हे इशारा करणाऱ्याने डोळ्यांनी पाहावे. ट्रॅक्टर सर्वांत हळू गियरमध्ये. आधी दोराचा झोल निघू द्यावा, मग ओढ वाढवावी. मागे सरकून धावत येऊन झटका देणे ही मुख्य चूक. वेग दुप्पट झाला, की दोरात साठणारी शक्ती चौपट होते. मोटारीच्या चालकाने स्टिअरिंग सरळ ठेवून हलका पाय द्यावा, एवढेच त्याचे काम.

गाडी निघाली, की लोक हातपाय धुऊन थेट महामार्गाला लागतात. समृद्धीवर मोटारीला १२० ची मुभा आहे आणि रिमच्या आतल्या बाजूला बसलेला किलो-दोन किलो काळा चिखल त्या वेगाला स्टिअरिंग थरथरवतो. तो काडीने खरवडून पाण्याने काढावा. उतरवलेली हवा पहिल्या पंपावर पुन्हा भरावी. कमी हवेचा टायर वेगात तापून फुटतो. हळू चालवत ब्रेक दोन-चार वेळा दाबून वाळवावा. ट्रॅक्टरवाल्याला डिझेल आणि वेळ या दोन्हींचे पैसे तो मागण्यापूर्वी द्यावेत.

पट्टा घरी आणून धुऊन सावलीत वाळवावा. त्याची एक जरी शिवण उसवलेली किंवा कड चिरलेली दिसली, तरी तो पोती बांधायला दुकानात द्यावा आणि डिकीत नवा ठेवावा.