साचेबद्धतेच्या बाजूने

मराठी समीक्षेत एखादी कविता निकालात काढायची असेल तर तिला 'साचेबद्ध' म्हटले की पुरते. पुढे काही सिद्ध करावे लागत नाही. वर्गात आम्हीही हा शब्द वर्षानुवर्षे सढळ हाताने वापरत आलो आहोत. त्यामुळे पूलच्या टेबलावर लाकडी त्रिकोणाची जागा प्लास्टिकच्या पातळ साच्याने घेतली, तेव्हा आमच्याच वर्तुळातील खेळणाऱ्या मंडळींनी त्याच शब्दाने त्याचा निकाल लावावा, याचे आम्हांला नवल वाटले नाही. 'हातातली कला गेली, खेळ यांत्रिक झाला' हे वाक्य संध्याकाळच्या डावात आणि नंतरच्या चहावर आम्ही इतक्या वेळा ऐकले आहे की आता त्याचा प्रतिवाद करणे भाग आहे. कारण या वाक्यात कलेच्या नावाखाली भलत्याच गोष्टीची पाठराखण होते आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

पूल न खेळणाऱ्या वाचकांसाठी आधी वस्तुस्थिती सांगतो. नाइन-बॉल या प्रकारात 1 ते 9 क्रमांकांचे चेंडू चौकटच्या आकारात रचतात. 1 क्रमांकाचा चेंडू टोकाला, 9 क्रमांकाचा मध्यभागी. ही रचना म्हणजे रॅक. टेबलाच्या दुसऱ्या बाजूने पांढरा चेंडू मारून ती फोडायची, हा ब्रेक. ब्रेकमध्ये एखादा चेंडू पॉकेटमध्ये गेला आणि पांढरा चेंडू टेबलावर राहिला, तर ब्रेक करणाराच पुढे खेळतो. कसलेला खेळाडू मग प्रतिस्पर्ध्याला खुर्चीतून उठूही देत नाही. स्नूकरमध्येही 15 लाल चेंडू त्रिकोणात रचतात, पण तेथे पहिला फटका बहुधा सावध असतो. कडेच्या एखाद्या लाल चेंडूला हलका धक्का देऊन पांढरा चेंडू सुरक्षित परत आणायचा, एवढाच त्याचा हेतू. म्हणून लाल चेंडूंमधल्या एखाद्या फटीवरून स्नूकरमध्ये फारसे रण माजत नाही. पूलमध्ये मात्र ती फट पुरा डाव फिरवू शकते.

चेंडूचा व्यास 57.15 मिलिमीटर. अशा दोन चेंडूंमध्ये कागदाच्या जाडीएवढे अंतर राहिले, तरी आघात एका चेंडूतून दुसऱ्यात जसा जायला हवा तसा जात नाही. टोकाच्या चेंडूमागे फट असेल तर जोरकस ब्रेकही मेल्यासारखा होतो. लाकडी त्रिकोणात ही फट टाळणे कठीण असते. बोटांनी मागून चेंडू पुढे दाबायचे आणि त्रिकोण हलकेच उचलायचा. पण शेकडो ब्रेकनंतर टोकाच्या जागी कापडाला बारीक खळगे पडलेले असतात, आणि त्रिकोण उचलताच चेंडू आपापल्या खळग्याकडे केसभर सरकतात. पातळ साच्याची युक्ती साधी आहे. त्यात नेमक्या अंतरावर कापलेली छिद्रे असतात. चेंडू त्या छिद्रांत बसतात आणि आपल्याच वजनाने एकमेकांना टेकून राहतात. ब्रेक त्याच्यासकट होतो, आणि चेंडू पांगल्यावर साचा उचलून बाजूला ठेवतात.

आता 'कला' म्हणजे काय ते पाहू. काही वर्षांपूर्वी आमच्या गावातील एका क्लबच्या छोट्या स्पर्धेत आमच्यापैकी एकजण उपान्त्य फेरीपर्यंत पोचला होता. प्रतिस्पर्ध्याने रॅक लावायचा, असा नियम होता. आमच्या सहकाऱ्याचे लागोपाठ तीन ब्रेक फसले. चौथ्या वेळी त्याने वाकून पाहिले, तर 1 क्रमांकाच्या चेंडूमागे उजेडाची बारीक रेघ. त्याने रॅक पुन्हा लावायची विनंती केली. समोरच्या गृहस्थांनी हसतमुखाने पुन्हा लावला. रेघ तशीच. आणखी एकदा विनंती केली. रेघ कायम. तिसऱ्यांदा म्हणणे म्हणजे समोरच्याला तोंडावर लबाड म्हणण्यासारखे होते, म्हणून आमचा सहकारी गप्प राहिला आणि हरला. त्या गृहस्थांनी ते हेतुपुरस्सर केले की टेबलाचे कापडच झिजलेले होते, हे आम्हांला आजही माहीत नाही. आम्हांला अधिक बोचते ते हे, की ते गृहस्थ संपूर्ण निर्दोष असते, तरी त्यांनाही आपला प्रामाणिकपणा सिद्ध करता आला नसता. एकाला हरवणारी आणि दुसऱ्याला कायमचे संशयित ठरवणारी ही व्यवस्था होती. तिला कला म्हणण्याचे धाडस आम्हांला होत नाही.

या रोगावर जुन्या पद्धतीत उपाय शोधले गेले नाहीत असे नाही. प्रतिस्पर्ध्याने रॅक लावायचा म्हटले, तर तो ब्रेक मारून टाकू शकतो. ज्याचा ब्रेक त्यानेच रॅक लावायचा म्हटले, तर फट कोठे ठेवली की कोणता चेंडू कोठे जातो, हे ज्ञान असलेला त्याचा फायदा उठवतो. पंचाने लावायचा म्हटले, तर प्रत्येक टेबलाला पंच हवा, आणि पंचाच्या हाताखालीही तेच झिजलेले कापड असते. तिन्ही उपायांत प्रश्न एका माणसाकडून दुसऱ्याकडे सरकतो. फट जागच्या जागी राहते.

विरोधकांचा सर्वांत बळकट मुद्दा आम्ही टाळणार नाही. ते म्हणतात, साच्याने रचना इतकी घट्ट होते की ब्रेकमधली अनिश्चितताच संपते. टोकाचा चेंडू खुणेवर ठेवलेला असेल आणि ब्रेक योग्य कोनातून केला, तर रचनेच्या कडेचा चेंडू, ज्याला विंग बॉल म्हणतात, तो कोपऱ्यातील पॉकेटमध्ये वारंवार जातो. हे खरे आहे. पण या अडचणीला खेळाने काय उत्तर दिले तेही सांगायला हवे. अनेक स्पर्धांत टोकाच्या चेंडूऐवजी 9 क्रमांकाचा चेंडू खुणेवर ठेवू लागले. सगळी रचना पुढे सरकली आणि विंग बॉलची हमखास वाट बंद झाली. ब्रेक ठरावीक मधल्या पट्ट्यातूनच करावा, असे बंधन आले. निदान तीन चेंडू पॉकेटमध्ये जावेत किंवा टेबलाची ठरलेली रेषा ओलांडून यावेत, अशीही अट काही ठिकाणी घातली गेली. म्हणजे अवघडपणा राहिलाच. पूर्वी तो दोन चेंडूंच्या फटीत दडलेला होता आणि एकालाच ठाऊक असे. आता तो नियमावलीत आहे आणि दोघांनाही आधीपासून ठाऊक आहे. आमच्या सगळ्या युक्तिवादाचा गाभा एवढाच आहे : खेळातला अवघडपणा उघड्यावर असावा.

शिवाय घट्ट रचनेने बुद्धीचे काम संपते, हेही खरे नाही. 2001 च्या यूएस ओपन नाइन-बॉल स्पर्धेच्या अंतिम सामन्यात कोरी ड्यूएलने मिका इमोनेनला 11-0 असे हरवले. ताकदीऐवजी नियंत्रणावर भर देणाऱ्या त्याच्या मऊ ब्रेकची चर्चा जाणकार आजही करतात. आजचा पातळ साचा स्पर्धांमध्ये रुळण्यापूर्वीची ही गोष्ट. रचना कशी फुटते याचा विचार करणारा खेळाडू साच्याची वाट पाहत बसलेला नव्हता, आणि साचा आल्यामुळे त्याचे डोके बंदही पडलेले नाही.

साहित्याच्या शिक्षकांना तर हे समजायला जड जाऊ नये. शार्दूलविक्रीडिताची 19 अक्षरे आणि 12 व्या अक्षरावरची यती, हा साचाच आहे. तो कवीलाही ठाऊक असतो आणि जाणत्या वाचकालाही; म्हणून तर कवीने त्यात काय साधले हे मोजता येते. 'साचेबद्ध' हा दोष लागतो तो त्या अक्षरांत भरलेल्या शिळ्या आशयाला. गणांची मोजणी बरोबर आहे म्हणून कोणी कवितेला नापास करीत नाही. आणखी घरचे उदाहरण हवे असेल, तर उत्तरपत्रिकांचे घ्या. तपासणीपूर्वी विद्यार्थ्याचा बैठक क्रमांक झाकला जातो, तेव्हा आपल्या निष्ठेचा अपमान झाला असे आपण म्हणत नाही. उलट निकालानंतर कोणी बोट दाखवू शकत नाही, म्हणून आपण निर्धास्त असतो. साचा रॅक लावणाऱ्याला हीच निर्धास्ती देतो.

साच्यात उणिवा आहेत. ब्रेकनंतर एखादा चेंडू त्याच्यावरच थांबला तर तो उचलेपर्यंत खोळंबा होतो. हळू येणारा चेंडू त्याच्या कडेवरून जाताना किंचित विचलित होऊ शकतो. मित्रांमित्रांच्या डावात आम्हीही लाकडी त्रिकोणच वापरतो, आणि तो उचलताना होणारा चेंडूंचा खळखळाट आम्हांला आवडतो. पण जेथे हरणाऱ्याला काही गमवावे लागते, तेथे आमच्या आवडीला मत नसावे. त्या दिवशी आमचा सहकारी घरी जाताना म्हणाला होता, 'मी वाईट खेळलो का, एवढे तरी कळायला हवे होते.' लाकडी त्रिकोणाच्या कैवाऱ्यांनी आधी या वाक्याचे उत्तर द्यावे. कलेविषयी नंतर बोलू.