काच स्वस्त झाली, आज्ञावलीचे काय?

बोटाच्या स्पर्शाने संगणक चालवावा, ही कल्पना नवी नाही. इंग्लंडमध्ये माल्व्हर्न येथील रडार संशोधन संस्थेत ई. ए. जॉन्सन यांनी १९६५ साली अशा पडद्याची मांडणी केली होती. विमानांच्या वाहतुकीवर नियंत्रण ठेवणाऱ्यांचे काम सोपे व्हावे, हा तिचा हेतू. पुढे १९७२ मध्ये अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाच्या ‘प्लेटो’ या शिक्षणयोजनेतील विद्यार्थी पडद्यावर बोट ठेवून प्रश्नांची उत्तरे देऊ लागले. असे असूनही स्पर्शपडदा, म्हणजेच टचस्क्रीन, सामान्य माणसाच्या हाती येण्यास आणखी तीन दशकांहून अधिक काळ जावा लागला. हा विलंब केवळ किमतीमुळे झाला, असे समजले जाते. ते अर्धसत्य आहे. खरी अडचण काचेची जितकी होती, तितकीच काचेमागच्या आज्ञावलीचीही होती.

ह्यूलेट-पॅकार्ड कंपनीने १९८३ मध्ये ‘एचपी-१५०’ हा स्पर्शाने चालणारा संगणक बाजारात आणला. यंत्र कल्पक होते. परंतु त्या काळच्या बहुतेक आज्ञावल्या कळफलकासाठी लिहिलेल्या होत्या. पत्र लिहिणे, हिशेब मांडणे ही कामे बोटाने पडद्याला शिवून अधिक वेगाने होत नव्हती. उलट उभ्या पडद्यासमोर हात उचलून धरल्याने तो अवघडत असे. जुनी कामे जुन्याच रीतीने करावयाची, तर नव्या पडद्याचे प्रयोजन काय, या प्रश्नाला ग्राहकाला पटेल असे उत्तर नव्हते.

पुढे २०१२ च्या ऑक्टोबरमध्ये मायक्रोसॉफ्टने नेमकी उलटी चूक केली. ‘विंडोज ८’ ची मांडणी बोटाच्या सोयीने करण्यात आली आणि वर्षानुवर्षे कोपऱ्यात असलेले ‘स्टार्ट’ बटण नाहीसे झाले. माउस व कळफलक वापरणारे असंख्य लोक त्यामुळे गोंधळले. वर्षभरातच ते बटण परत आणावे लागले आणि २०१५ च्या ‘विंडोज १०’ मध्ये जुनी यादीही परतली. एका ठिकाणी नव्या काचेवर जुनी आज्ञावली बसवली गेली. दुसऱ्या ठिकाणी नवी आज्ञावली जुन्या कामावर लादली गेली. काम कोणते आणि ते करणारा कोण, याचा विचार दोन्हीकडे अपुरा पडला.

या प्रश्नाला अर्थशास्त्रीय बाजूही आहे. उपयुक्त आज्ञावल्या नसतील तर यंत्र खपत नाही. आणि यंत्र खपले नसेल तर आज्ञावली लिहिण्याचा खर्च कोणी करीत नाही. हा पेच ॲपलने सोडवला, तो क्रमाक्रमाने. २००७ मधील आयफोन स्वतःच्या मोजक्या पण बोटासाठीच घडवलेल्या आज्ञावल्यांच्या बळावर विकला गेला. ग्राहकवर्ग तयार झाल्यावर, जुलै २००८ मध्ये, सुमारे ५०० आज्ञावल्यांसह दुकान उघडले आणि विक्रीतील ३० टक्के वाटा स्वतःकडे ठेवून बाहेरच्या लेखकांना बाजारपेठ मिळवून दिली. २०१० चा आयपॅड आला तेव्हा हा बाजार आयता तयार होता.

भारतात हा धडा कितपत घेतला गेला? बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील अध्यापकांचा सहभाग असलेला ‘सिंप्युटर’ स्पर्शपडद्यावर आणि भारतीय भाषांवर भर देणारा होता. तो २००४ मध्ये विक्रीस आला. पण अपेक्षित प्रसार झाला नाही. ऑक्टोबर २०११ मध्ये केंद्र सरकारने विद्यार्थ्यांसाठी ‘आकाश’ जाहीर केला. त्याची चर्चा झाली ती मुख्यतः २,२७६ रुपये या किमतीची. पडदा बोटाने दाबावा लागणारा, यंत्राची गती बेताची; आणि विद्यार्थ्याने त्यावर नेमके काय शिकावयाचे, हा प्रश्न मात्र किमतीच्या कौतुकात मागे पडला. पाटी स्वस्त मिळाली म्हणून धडा आपोआप लिहिला जात नाही.

मराठीपुरता विचार केला, तर आज्ञावलीचे महत्त्व आणखी स्पष्ट होते. टंकलेखन यंत्राची कळपाटी जशीच्या तशी काचेवर काढली, तर अक्षरे व मात्रा शोधताना बोट अडखळते. मुंबईच्या आयआयटीतील औद्योगिक अभिकल्प केंद्राने २०१३ मध्ये आणलेल्या ‘स्वरचक्रा’ने निराळी वाट धरली. ‘क’ वर बोट ठेवले की त्याभोवती का, कि, की, कु अशी रूपे चक्राकार उमटतात. हव्या त्या रूपाकडे बोट सरकवले की काम झाले. येथे बाराखडी गिरवलेल्या मराठी माणसाची ओळखीची रीतच यंत्राने स्वीकारली आहे. कोणत्याही परकीय कंपनीच्या आराखड्यातून हे आपोआप आले नसते.

परंतु अशी कामे बाजाराच्या भरवशावर सोडता येतील काय? आज्ञावलीची पहिली प्रत तयार करण्यास खर्च फार. पुढच्या हजार प्रतींना जवळजवळ काहीच नाही. ग्राहक थोडे किंवा निर्धन असतील, तर हा पहिला खर्च उचलण्यास खाजगी उद्योजक पुढे येत नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेतील चौथीचे गणित किंवा तलाठ्याच्या दप्तरातील नोंद यांसाठीची मराठी आज्ञावली याच वर्गात मोडते. म्हणूनच तिच्यावर सार्वजनिक पैसा खर्च करणे समर्थनीय ठरते. मात्र त्या पैशातून निर्माण झालेली आज्ञावली सर्वांना खुली असली पाहिजे, एखाद्या ठेकेदाराच्या कुलपात नव्हे.

तेव्हा यापुढे शासनाने वा शाळांनी स्पर्शपडद्याचे संगणक घेताना केवळ नगास किती रुपये, एवढेच पाहू नये. खरेदीच्या रकमेतील ठराविक हिस्सा आज्ञावलीसाठी, तिच्या दुरुस्तीसाठी आणि शिक्षक-कारकुनांकडून तिची चाचणी घेण्यासाठी राखून ठेवावा. दीर्घ लेखनासाठी कळफलक आणि निवड, चित्र, सराव यांसाठी बोट, हा विवेकही बाळगावा. सर्वच कामे काचेवर आणण्याचा अट्टाहास ‘विंडोज ८’ ला महाग पडला आहे. स्पर्शपडदा आज मोबाइलच्या रूपाने घरोघरी पोहोचला आहे, तेव्हा तो रुजेल की नाही, हा वाद संपला आहे. त्यावर मराठी विद्यार्थी केवळ पाहत राहणार की काही शिकणार आणि घडवणार, हा प्रश्न मात्र उरला आहे; आणि त्याचे उत्तर काच विकणाऱ्यांकडून मिळणार नाही.