सुईची लाज कशासाठी?

दर चार महिन्यांनी मी सांगलीहून मिरजेला जाते आणि चेहऱ्याच्या उजव्या बाजूला सहा-सात ठिकाणी सुई टोचून घेते. औषध बोटॉक्सचं. आठ वर्षं झाली. शेजारीपाजारी, शाळेतले सहकारी, सासर-माहेरची माणसं, सगळ्यांना हे ठाऊक आहे आणि आजवर कुणी मला नावं ठेवली नाहीत. ‘फार दुखतं का हो?’ एवढंच विचारतात.

गेल्या वर्षी मुलाच्या लग्नाआधी माझ्या नणंदेने हेच औषध दोन भुवयांमधल्या आठीसाठी घेतलं. घरात कळलं तसं याच माणसांनी त्यांना सोलून काढलं. ‘सून यायची वेळ झाली आणि ह्यांना नटायचंय.’ ‘वय झालं की वयासारखं राहावं.’ ‘विष टोचून घेतात म्हणे तोंडात!’

औषध तेच, सुईही तीच. माझ्या दुखण्याला वैद्यकाच्या पुस्तकात नाव आहे आणि वन्संच्या दुखण्याला नाही, एवढाच काय तो फरक. या फरकाच्या जोरावर एकीची कीव करायची आणि दुसरीची टवाळी, हे मला पटत नाही. आणि टवाळीने वन्संचं जे नुकसान झालं ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे, म्हणून हे लिहिते आहे.

आधी माझं सांगते. मेंदूतून निघून चेहऱ्याच्या स्नायूंकडे जाणाऱ्या मज्जातंतूवर माझ्या बाबतीत एक रक्तवाहिनी टेकली आहे. तिच्या प्रत्येक ठोक्याने तो तंतू डिवचला जातो आणि उजवा डोळा मिटतो, मग गाल ओढला जातो, मग ओठाचा कोपरा. सुरुवातीला नुसतं डोळ्याखाली फडफडायचं. उजवा की डावा, शुभ की अशुभ, हेच सगळे सांगायचे. पुढे सातवीच्या वर्गात एका मुलाने विचारलं, ‘बाई, तुम्ही डोळा का मारता?’ वर्ग हसला. मी फळ्याकडे तोंड केलं आणि तास संपेपर्यंत वळले नाही. त्या दिवशी मला कसलीही वेदना होत नव्हती. दृष्टी ठीक होती, जेवणखाण ठीक होतं. फक्त माझा चेहरा जे सांगत होता ते माझ्या मनात नव्हतं.

वन्संचं गाऱ्हाणं याहून वेगळं होतं का? तीस वर्षं बँकेच्या काउंटरवर बसून, आकड्यांवर डोळे बारीक करून त्यांच्या कपाळाला दोन उभ्या चिरा पडल्या. शांत बसल्या तरी माणसं विचारायची, ‘मॅडम, चिडलात का?’ घरी मुलगा विचारायचा, ‘आई, काय बिनसलं?’ काही बिनसलेलं नसायचं. त्यांचाही चेहरा त्यांच्या मनात नसलेलं बोलत होता.

या औषधाचा सौंदर्यासाठी वापर सुरू झाला तोच मुळी माझ्यासारख्या रुग्णांमुळे. सॅन फ्रान्सिस्कोचे नेत्रतज्ज्ञ अॅलन स्कॉट यांनी तिरळेपणावर शस्त्रक्रियेऐवजी काही करता येईल का, हे शोधताना ते माणसावर वापरलं. अमेरिकेत १९८९ साली तिरळेपणासाठी आणि पापण्यांच्या आकडीसाठी त्याला मान्यता मिळाली. त्याच सुमारास कॅनडात व्हँकुव्हरला जीन कॅरुदर्स या नेत्रतज्ज्ञ पापण्यांच्या आकडीवर हेच टोचत होत्या. एका रुग्णबाईंच्या लक्षात आलं की सुई घेतल्यावर आपल्या कपाळाच्या आठ्याही जातात. जीनबाईंचे पती अॅलिस्टर त्वचातज्ज्ञ. दोघांनी मिळून त्यावर काम केलं आणि १९९२ साली लेख प्रसिद्ध केला. भुवयांमधल्या आठीसाठी अमेरिकेची मान्यता आली ती एप्रिल २००२ मध्ये.

आता ‘विष’ या आक्षेपाविषयी. हो, विषच आहे, आणि साधंसुधं नाही. बिघडलेल्या सॉसेजमधून होणाऱ्या या विषबाधेचा अभ्यास दोनशे वर्षांपूर्वी जर्मनीत युस्टिनुस केर्नर या डॉक्टरने केला. हा माणूस कवीही होता. त्याने ते विष स्वतः चाखून लक्षणं नोंदवली आणि अगदी थोड्या मात्रेत हेच पुढे औषध होईल, असं तेव्हाच लिहून ठेवलं. मज्जातंतूचं टोक स्नायूला ‘आवळ’ म्हणून निरोप धाडतं, तो निरोप हे औषध अडवतं. स्नायू सैल पडतो, सैल पडला की वरच्या कातडीची घडी उलगडते. भुवयांमधल्या आठीला ठरलेली मात्रा २० युनिट, तीही पाच ठिकाणी वाटून. अर्धशिशीच्या जुनाट रुग्णाला याच्या कितीतरी पट, १५५ युनिट देतात. त्या रुग्णाला कुणी ‘विष घेतलंस’ म्हणत नाही.

दुसरा आक्षेप मला स्वतःला दहा वेळा ऐकवला गेला आहे: एकदा सुरू केलं की सुटत नाही, आणि सोडलं की चेहरा दुपटीने ओघळतो. यावर मीच पुरावा आहे. करोनाच्या टाळेबंदीत माझी सुईची पाळी चुकली. चार महिने सरले, पाचवा लागला. मज्जातंतूच्या टोकाने आपलं काम पुन्हा सुरू केलं आणि डोळा फडफडायला लागला, जसा आधी फडफडायचा तसाच. दुप्पट नाही, तिप्पट नाही. आठीचंही तसंच होतं, ती होती तिथे परत येते.

आणि ‘वयासारखं राहावं’ म्हणणाऱ्यांना मला आमच्याच घरातल्या लग्नाचा फोटो दाखवायचा आहे. पहिल्या रांगेतल्या नऊ पुरुषांपैकी सहांनी केसांना कलप लावलेला आहे. त्यात वन्संना सर्वांत जास्त बोललेले मामंजीही आहेत. कलपाने अंगावर पुरळ उठतं, डोळे सुजतात, तरी तो लावतात, आणि त्यात काही वाईट आहे असं मी म्हणणार नाही. आरशात आपण आपल्याला ओळखीचे दिसावं ही इच्छा मामंजींची रास्त असेल तर वन्संचीही आहे.

इथवर वाचून मी सुईची तरफदारी करते आहे असं वाटेल. ती मी करते आहे, पण औषधाच्या सुईची. बाजारात जी विकतात तिची नाही. त्या विकणाऱ्यांशी माझं भांडण टोमणे मारणाऱ्यांपेक्षा मोठं आहे.

वन्संनी सुई कुठे घेतली? माझ्या डॉक्टरांकडे आल्या नाहीत. त्या दवाखान्यात कुणीतरी ओळखीचं भेटेल, विचारेल, घरी जाऊन सांगेल, ही धास्ती. पार्लरमधल्या ओळखीने त्या एका फ्लॅटवर गेल्या. तिथे पाच बायका जमल्या होत्या. पावडरीची कुपी सलाइनमध्ये कालवली की एका दिवसाच्या आत वापरावी लागते, म्हणून पाच जणींत एक कुपी स्वस्त पडते, हे त्यामागचं गणित. कुपी वन्संच्या समोर फोडली नाही. सिरिंजा आतल्या खोलीतून भरून आल्या. टोचणारी बाई डॉक्टर होती का, हे वन्संना आजही सांगता येत नाही. ‘जेवणाच्या सुट्टीत होणारं काम आहे, साइड इफेक्ट काही नाही,’ असं तिथे सांगितलं गेलं.

सहाव्या दिवशी वन्संची डावी पापणी खाली आली. औषध भुवईच्या फार जवळ, फार खोल गेलं की पापणी उचलणाऱ्या स्नायूपर्यंत झिरपतं आणि तोही सैल पडतो. लग्नाला अकरा दिवस होते. अर्धा डोळा झाकलेला, समोरचं नीट दिसावं म्हणून हनुवटी वर करून बघायच्या. त्या फ्लॅटवाल्या बाईंचा फोन लागेना. आणि घरात सांगायची सोय नाही, कारण सांगितलं तर काय ऐकावं लागेल ते त्यांना ठाऊक होतं. तीन दिवस त्या ‘डोळा आलाय’ म्हणून काळा चष्मा लावून वावरल्या.

टोमणे मारणारी माणसं आणि माल विकणारी माणसं एकमेकांच्या विरुद्ध उभी आहेत असं आपल्याला वाटतं. मला ती एकाच कामात गुंतलेली दिसतात. ज्या गोष्टीची लाज वाटायला लावली, ती बाई चोरून करते. चोरून करायची म्हटलं की फाइल नको, पावती नको, ओळखीचा डॉक्टर नको. नोंद नको असलेलं गिऱ्हाईक त्या फ्लॅटवाल्या बाईला घरबसल्या मिळतं, आणि काही बिघडलं तर तेच गिऱ्हाईक तक्रारही करत नाही.

पापणीचं तरी काही आठवड्यांत भागतं. फिलरचं तसं नाही. बोटॉक्स आणि फिलर एकाच दमात बोलतात, पण दोन्हींचं काम वेगळं. फिलर म्हणजे गाल, ओठ, डोळ्यांखालचा खळगा भरायला टोचायची जेल. बहुतेक जेल हायल्युरॉनिक आम्लाची असते. आपल्या कातडीत, सांध्यांत असणाराच हा पदार्थ कार्ल मेयर आणि जॉन पामर यांनी १९३४ साली गाईच्या डोळ्यातून वेगळा काढला. तो चांगला एवढ्यासाठी की चुकलं तर हायल्युरोनिडेझ नावाच्या इंजेक्शनाने विरघळवता येतो. याआधीचा इतिहास भीषण आहे. १८९९ मध्ये व्हिएन्नाच्या रॉबर्ट गेरसुनी यांनी पॅराफिन टोचायला सुरुवात केली. मेण कातडीखाली सरकलं, त्याच्या गाठी झाल्या, चेहरे कायमचे बिघडले. पुढे पातळ सिलिकॉनने तेच केलं.

हायल्युरॉनिकची जेलसुद्धा चुकून रक्तवाहिनीत शिरली की पुढचा रक्तपुरवठा तोडते. कातडी आधी पांढरीफटक पडते, मग तिच्यावर जाळीसारखे निळसर डाग उमटतात, आणि वेळीच जेल विरघळवली नाही तर तेवढा भाग मरतो. नाकाच्या आणि भुवयांमधल्या रक्तवाहिन्या आतून डोळ्याच्या रक्तवाहिन्यांना जोडलेल्या आहेत. त्या वाटेने जेल उलट गेली तर दृष्टी जाते, आणि पडदा रक्ताविना तासा-दीड तासापलीकडे तग धरत नाही. हे क्वचित घडतं. पण घडलं तर समोरच्या माणसाला तो पांढरा डाग ओळखता यायला हवा, हायल्युरोनिडेझ हाताशी हवं, आणि हात थरथरता कामा नये. ज्या खोलीत हे तिन्ही नाही तिथे फिलर टोचणं हा गुन्हा मानला पाहिजे असं माझं मत आहे.

विकणाऱ्यांचा आणखी एक दावा असा की फिलरने गेलेलं वय भरून निघतं. गाल बसतात ते नुसती चरबी उतरते म्हणून नाही. डोळ्याची खोबण रुंदावते, वरचा जबडा मागे सरतो, दात पडले की त्याखालचं हाड झिजतं. माझ्या आईने आमच्याकडच्या पुष्कळ बायकांसारखी आयुष्यभर मिश्री लावली. पंचावन्नाव्या वर्षी तोंडाचं बोळकं झालं होतं, ओठ आत वळले होते, गालांत खड्डे. कवळी बसवून ती दाराशी उभी राहिली तो क्षण मला लख्ख आठवतो. ओठ जागेवर आले होते, गाल भरले होते, आणि ती हसताना तोंडावर पदर घ्यायला विसरली होती. त्या गालांत कुणी जेल भरली असती तर आत आधार नसलेला, सुजलेला चेहरा दिसला असता. दात का पडले, ऊन किती लागतं, तंबाखू चालू आहे का, हे न विचारता जो सुई उचलतो तो चेहरा बघतच नाही.

आणि बाविशी-पंचविशीच्या मुलींना ‘सुरकुत्या पडायच्या आधीच सुरू करा’ म्हणून सांगतात, त्याचा तर मला संताप येतो. ज्या कपाळावर रेघ नाही तिथे उपचार कशावर करणार? त्या वयात चेहऱ्याचं खरं रक्षण करायचं ते उन्हापासून, आणि स्कूटरवर ओढणी बांधून जाणाऱ्या आमच्या मुली ते आधीपासून करताहेत.

माझं म्हणणं एवढंच आहे की हा उपचार उघडपणे दवाखान्यात यावा आणि तिथे तो इतर उपचारांसारखाच वागवला जावा. माझ्या डॉक्टर प्रत्येक वेळी मला तेच प्रश्न विचारतात, जणू पहिल्यांदा भेटतो आहोत: गिळायला त्रास होतो का, स्नायूंचा काही आजार, सध्या कुठलं अँटिबायोटिक चालू आहे का. माझ्यासमोर फ्रिजमधून कुपी काढतात, तारीख दाखवतात. पांढऱ्या पेन्सिलीने चेहऱ्यावर ठिपके काढतात. फाइलमध्ये चेहऱ्याचं एक छापील चित्र आहे, त्यावर प्रत्येक ठिपक्यापाशी युनिटचा आकडा लिहितात, कुपीचा बॅच नंबर चिकटवतात. हे सगळं मला मिळतं ते मी ‘पेशंट’ आहे म्हणून. वन्सं ‘हौशी’ ठरल्या म्हणून त्यांच्या वाट्याला यातलं काहीच आलं नाही. हौशीने आलेल्या बाईला तर हे जास्तच काटेकोरपणे मिळायला हवं, कारण तिला ‘याची गरज नाही, घरी जा’ म्हणून सांगण्याचं धाडसही तिच्या डॉक्टरला दाखवावं लागतं.

चौथ्या दिवशी वन्सं माझ्याकडे आल्या, चष्मा काढला आणि म्हणाल्या, ‘वहिनी, तुमच्या डॉक्टरांकडे नेता का?’ दुपारच्याच बसने आम्ही मिरजेला गेलो. बस सुटेपर्यंत त्या खिडकीकडे तोंड करून बसल्या होत्या. डॉक्टरांनी पापणी उचलून पाहिली, थेंब लिहून दिले, मिलिमीटर-दीड मिलिमीटर वर येईल, बाकी वाट पाहावी लागेल म्हणाल्या. रागावल्या नाहीत. मग पेन उघडून विचारलं, ‘औषध कुठल्या कंपनीचं होतं? किती युनिट दिले? कुणी दिलं?’

वन्संनी पर्स उघडली. चिठ्ठी नव्हती, पावती नव्हती. मोबाईल काढून त्यांनी पैसे गेल्याचा मेसेज दाखवला. त्यात रक्कम होती, आणि एका अनोळखी पुरुषाचं नाव.

डॉक्टरांनी तो मेसेज दोनदा वाचला. मग ड्रॉवरमधून कोरी फाइल काढली आणि चेहऱ्याच्या छापील चित्रावर, डाव्या पापणीपाशी, पहिली खूण केली.