तुटलेले मज्जातंतू आणि नळीचा उपाय

मेंदू आणि मज्जारज्जू यांना झालेली इजा सहसा भरून येत नाही. हातापायांतील मज्जातंतूंना मात्र निसर्गाने पुन्हा वाढण्याची शक्ती दिली आहे. ही वाढ दिवसाला सुमारे १ मिलिमीटर एवढीच असते. कारखान्यात किंवा दुचाकीच्या अपघातात काखेजवळचा मज्जातंतू तुटला, तर नव्या तंतूला बोटांपर्यंत पोचण्यास दीड-दोन वर्षे लागतात. दरम्यान संदेशाविना राहिलेला स्नायू सुकत जातो आणि वर्ष-दीड वर्षानंतर तंतू पोचला तरी तो त्याला फारशी दाद देत नाही. मज्जातंतू जोडण्याच्या नव्या उपायांचा विचार हे कालमान ध्यानात ठेवूनच करावयास हवा.

तुटलेल्या मज्जातंतूचा पुढचा भाग मरतो, हे ऑगस्टस वॉलर यांनी १८५० साली बेडकावरील प्रयोगांनी दाखविले. परंतु त्या भागातील श्वान पेशी मरत नाहीत. (थिओडोर श्वान हे जर्मन शास्त्रज्ञ, आपल्याकडील श्वानाशी या नावाचा संबंध नाही!) या पेशी नष्ट झालेल्या भागाचा कचरा दूर करतात, रांगा धरून उभ्या राहतात आणि वाढत्या तंतूला वाट दाखवितात. दोन टोके जवळ असतील तर शल्यविशारद ती शिवतात. मधला तुकडाच गेला असेल तर ओढून शिवण्यात अर्थ नसतो. तेव्हा रुग्णाच्या पोटरीतील एक संवेदनावाहक मज्जातंतू काढून तेथे त्याचे कलम करतात. त्यामुळे पावलाची बाहेरची कड बधिर होते. हात वाचविण्यासाठी पायाने दिलेली ही किंमत होय.

ती टाळण्यासाठी नळीची कल्पना निघाली. तिचे पहिले प्रयत्न एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातच झाले होते; पण तिला खरे बळ मिळाले ते १९८०च्या दशकात. स्वीडनमधील योरान लुंडबोर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदराच्या मज्जातंतूची टोके सिलिकोनच्या नळीत ठेवली, तेव्हा १० मिलिमीटरचे अंतर भरून आले. अंतर १५ मिलिमीटर केले की यश मिळेना. पुढे कोलॅजनच्या व शरीरात विरघळणाऱ्या इतर नळ्या आल्या आणि गेली सुमारे २५ वर्षे त्या शस्त्रक्रियेत वापरल्या जात आहेत. माणसात त्यांची मजल साधारण ३ सेंटिमीटरपर्यंतच आहे. कारण उघड आहे. नळी रिकामी असते. तिच्यात वाटाडे नसतात.

म्हणून नळीत श्वान पेशी भराव्यात, असा विचार पुढे आला. पण त्या मिळवायच्या तर रुग्णाचाच मज्जातंतू कापावा लागतो आणि प्रयोगशाळेत त्या वाढविण्यात आठवडे जातात. चरबीतून मिळणाऱ्या मूलपेशींवर त्यासाठीच काम चालू आहे. प्राण्यांवरील निष्कर्ष आशादायक आहेत. तथापि उंदराच्या पायातले अंतर आणि माणसाच्या हातातले अंतर यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. अमेरिकेत मियामी येथे दोन रुग्णांच्या मज्जातंतूच्या कलमांना त्यांच्याच श्वान पेशींची जोड देण्यात आली आणि त्यांच्यात सुधारणा झाल्याचे २०१७ साली प्रसिद्ध झाले. दोन रुग्णांवरून उपचारपद्धती ठरत नसते, हे शास्त्रज्ञ जाणतात. जाहिरातदार जाणत नाहीत किंवा जाणूनही बोलत नाहीत. रक्ताचे काही विकार वगळता मूलपेशींचा वापर प्रमाणित उपचार म्हणून करता येत नाही, असे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी स्पष्ट केले आहे. लुळा हात घेऊन वणवण करणाऱ्या कुटुंबाला हे कोणी सांगायचे? शेत विकून मूलपेशींची इंजेक्शने घेण्याची पाळी त्याच्यावर येऊ नये, ही जबाबदारी शासनाची आणि वैद्यकीय व्यवसायाची आहे.

संशोधन अवश्य व्हावे. त्यासाठी पैसाही मिळावा. परंतु मनगटावर काच लागलेल्या रुग्णाच्या करंगळीला स्पर्श कळतो की नाही, अंगठा नीट वळतो की नाही, एवढे टाके घालण्यापूर्वी पाहण्यास कोणतीही नळी लागत नाही. ते न पाहता कातडी शिवून रुग्णाला घरी धाडले की महिने फुकट जातात. तालुक्याच्या रुग्णालयात ही तपासणी सक्तीची करावी आणि जिल्ह्याच्या ठिकाणी सूक्ष्मदर्शकाखाली शस्त्रक्रिया करणारे निदान एक पथक असावे.